पेटीतले गिअर आणि मॉरिस मायनर: कुठला कुणाचा, कसं ओळखायचं?

अर्धवट_मेकॅनिक

मंडळी, नमस्कार. गेलं दीड वर्ष एका मॉरिस मायनरच्या मागे लागलोय. कागदावर गाडी १९५४ ची, म्हणजे सिरीज टू, ८०३ सीसीवाली. पत्रा झाला, वायरिंग झालं, आता गिअरबॉक्सशी गाठ पडलीय.

गाडीसोबत एक जोडलेला गिअरबॉक्स मिळाला आणि एक लाकडी पेटी. पेटीत दुसऱ्या कुठल्यातरी गिअरबॉक्सची आतडी आहेत, कवच नाही. जोडलेला उघडला तर लेशाफ्टवरच्या (गिअरबॉक्समधल्या दुय्यम शाफ्टवरच्या) क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच तुकड्यात असलेल्या गिअरांच्या गठ्ठ्यात, पहिल्या गिअरच्या दोन दातांचे टवके उडालेले. पेटीत एक क्लस्टर आहे, अगदी तसाच दिसणारा. लांबी तीच वाटते, भोकही तेच, दात शाबूत. घालू का सरळ?

आणि एकूणच विचारतो, जुन्या गाडीचे ट्रान्समिशनचे भाग एकमेकांचे आहेत की नाहीत हे तुम्ही कसं ठरवता? नंबर बघता, दात मोजता, की जोडून आवाज ऐकता? माझ्या गिअरांवर एकही नंबर धड वाचता येत नाही.

ता.क. गिअरचा दांडा आखूड आहे, आधीच्या मालकाने कापलेला दिसतो. कुणाकडे पूर्ण दांडा असेल तर सांगा.

खटारा

"अगदी तसाच दिसणारा" या तीन शब्दांवर भरवसा ठेवून मी एकाच महिन्यात एकच गिअरबॉक्स तीनदा उतरवलाय. खुर्ची ओढून बसलो, येऊ द्या.

निवृत्त टर्नर

डोळ्यावर जाऊ नका, मोजा. आणि मोजताना एका दातावर खडूची खूण करून मोजा, दोनदा. हसू नका, बावीस आणि तेवीसमध्ये भलेभले फसतात.

दात मोजले की गोष्ट निम्मी झाली. निम्मीच. दात सारखे असूनही गिअर वेगळा असू शकतो, कारण दाताचं माप वेगळं असतं. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन गाड्यांत ते बहुधा डायमेट्रल पिचमध्ये (व्यासाच्या एका इंचामागे किती दात), बाकी बऱ्याच ठिकाणी मॉड्यूलमध्ये (एका दातामागे किती मिमी व्यास). सरळ दातांच्या गिअरला सोपा हिशोब आहे. बाहेरचा व्यास इंचात घ्या, दातांत दोन मिळवा आणि भागा. २२ दात, व्यास ३ इंच: २४ भागिले ३, म्हणजे पिच ८. हाच मॉड्यूलमध्ये होतो ३.१७५. आता मॉड्यूल ३ चा २३ दाती गिअर घ्या, त्याचा व्यास ७५ मिमी. पहिल्याचा ७६.२. टेबलावर शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतील. एकमेकांत घातले तर पाच मिनिटांत किंचाळतील.

दात विषम संख्येत असतील तर व्हर्निअर खोटं बोलतो, हेही ध्यानात ठेवा. एका दाताच्या बरोबर समोर खाच येते, त्यामुळे व्यास कमी दिसतो. तेवीस दातांचा गिअर दोन जबड्यांत धरून मापू नका, भोकाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, त्यात भोकाची त्रिज्या मिळवा आणि दुप्पट करा.

तिरक्या दातांचे असतील तर कोन हवा. कोऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवून त्यावरून गिअर सरळ रेषेत लोळवा. दातांच्या टोकांच्या रेघा उमटतात, त्यावर कोनमापक ठेवायचा. कामचलाऊ, पण दोन गिअरांची तुलना करायला पुरेसं. आणि समांतर शाफ्टवरच्या जोडीत एक उजव्या तिरकसाचा, दुसरा डाव्याच. दोघे एकाच बाजूला झुकलेले दिसले की ती जोडी नव्हेच, पुढचं मोजायची गरज नाही.

मंजिरी_टी

टर्नरकाका, अजून एक ठोकताळा राहिला. बेरजेचा. दोन शाफ्टमधलं अंतर कवचाने ठरवून दिलेलं असतं. त्यामुळे दाताचं माप एकच असेल, तर प्रत्येक जोडीतल्या दातांची बेरीज सारखीच यायला हवी.

माझ्याकडे फोर्ड मॉडेल टी आहे. तिच्या ट्रान्समिशनमध्ये तीन तीन गिअर एकत्र असलेले तिळे असतात: २७, ३३ आणि २४ दातांचे. त्यांच्या जोडीदारांचे दात २७, २१ आणि ३०. आता बेरीज करा. २७ आणि २७, ३३ आणि २१, २४ आणि ३०. तिन्ही ५४! मला कुणीतरी 'मॉडेल टीचाच' म्हणून दिलेला एक गिअर या एका बेरजेवर मी परत पाठवला.

याच आकड्यांतून गाडीचं गुणोत्तरही निघतं. २१ भागिले ३३ एकातून वजा केलं की ०.३६, म्हणजे लो गिअर २.७५ ला एक. ३० भागिले २४ वजा केलं की उणे पाव, म्हणजे रिव्हर्स चारला एक. उणे आलं म्हणून गाडी मागे जाते. हे पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

तिळ्यांवर पंचाच्या खुणा असतात, त्या जुळवूनच बसवायचे. दात मोजून झाले म्हणून पुसून टाकू नका, आधी अशा खुणा शोधा.

खटारा

मॉडेल टीवाल्यांना काय, तीन पेडल आणि एकही धड गिअरचा दांडा नाही. हरवायला दांडाच नाही तर शोधणार काय!

मंजिरी_टी

डाव्या पेडलने लो आणि हाय, मधल्याने रिव्हर्स, उजव्याने ब्रेक. एकदा चालवून बघा, मग बोला.

नट_नंबर_तेरा

बेरीज ठीक आहे, पण सरसकट लावू नका. तिरक्या दातांत एका जोडीचा कोन वेगळा असला किंवा दातांना मुद्दाम सरकवून कापलं असलं की बेरीज एखाद दाताने हलते. बेरीज जुळली नाही म्हणून चांगला गिअर भंगारात टाकाल.

माझं मत, आधी नंबर. पुस्तक उघडा, नंबर शोधा. फोर्डचं बघा, किती सरळ आहे. नंबरात मधला आकडा भाग काय ते सांगतो: ७०१७ म्हणजे इनपुट गिअर, ७११३ म्हणजे क्लस्टर, ७१४१ म्हणजे रिव्हर्सचा आयडलर. पुढे जोडलेलं अक्षर किंवा आकडा सांगतो तो कोणत्या गाडीसाठी निघाला: ए म्हणजे मॉडेल ए, बी म्हणजे १९३२, ४० म्हणजे १९३३-३४. एकदा हे डोक्यात बसलं की भंगारच्या ढिगात उभं राहून चार सेकंदांत ओळखता येतं.

जीपवेडा

तेरा, सॉरी, पण नंबरानेच माझं वाटोळं केलंय. तुम्ही ज्याला नंबर म्हणता तो भागाचा नंबर. कवचावर उठून दिसतो तो ओतकामाच्या साच्याचा नंबर. दोन वेगळ्या गोष्टी. एकाच साच्यातून निघालेलं कवच पुढे वेगवेगळ्या तऱ्हेने यंत्रावर कापतात आणि आत वेगवेगळे गिअर भरतात.

शेवरोलेवाल्यांना विचारा. त्यांचा मन्सी चार-स्पीड गिअरबॉक्स, कवचावर ३९२५६६१. आत एम२० असू शकतो, एम२१ असू शकतो, एम२२ सुद्धा (गिअरांचे तीन वेगळे संच). कवच तेच. नंतरच्या वर्षांत इनपुट शाफ्टवर कडी कोरलेली सापडतात: दोन कडी एम२०, एक एम२१, एकही नाही तो एम२२. पण शाफ्ट तरी मूळचाच आहे कशावरून? पन्नास वर्षांत कुणी उघडलाच नसेल का?

जीपमध्ये माझी फजिती वेगळ्या जागी झाली. स्पायसर १८ ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारी पेटी), बाहेरून एकाच घरची. आतली मधली शाफ्ट मात्र काळानुसार तीन जाडीची: पाऊण इंच, मग सव्वा इंचाला एक अष्टमांश कमी, मग सव्वा इंच. मी एकीचं कवच आणि दुसरीचा गिअर आणला. गिअर शाफ्टवर असा सैल डुलत होता की वाटलं बुश घालायला विसरलो.

नट_नंबर_तेरा

ते मान्य. साच्याचा नंबर आणि ठोकलेला नंबर यात फरक करायलाच हवा. उठावाचा तो साच्याचा, खोलगट तो नंतर ठोकलेला. पण ठोकलेला असेल तर मी त्याला मानतो.

निवृत्त टर्नर

ठोकायला पंच आणि हातोडी लागते. दोन्ही माझ्याकडे आहेत. 😄

सुमेधा_गॅ

मुळात 'जुळणारे' म्हणजे काय, हे कुणी विचारलंच नाही. दोन अर्थ आहेत आणि दोन्हींची गल्लत होतेय. एक, हा भाग त्या वर्षाच्या त्या गाडीचा आहे का? दुसरा, हे दोन भाग एकमेकांचे आहेत का? पहिल्याचं उत्तर पुस्तकात मिळेल, दुसऱ्याचं फक्त दातांवर.

माझा अनुभव सांगते. क्लस्टरचा एक गिअर गेला म्हणून हुबेहूब नंबराचा, न वापरलेला क्लस्टर आणला. वर्ष बरोबर, नंबर बरोबर, दात बरोबर. जोडला आणि तिसऱ्यात अशी घरघर सुरू झाली की शेजारी बसलेल्याशी बोलताना ओरडावं लागायचं. कारण वरचे गिअर चाळीस वर्षं जुन्या क्लस्टरसोबत झिजलेले. दातांवर त्यांची त्यांची घडी पडलेली, तिथे नवा करकरीत दात आला. अंगठ्याचं नख दातावरून फिरवलं तर पायरी लागत होती, ती मला आधी दिसली नव्हती. आता मी गिअर कधी एकटा उचलत नाही. जोडीने उचलते, जोडीनेच सुतळीने बांधून ठेवते.

डिफरन्शिअलचं क्राउन आणि पिनियन (मागच्या धुऱ्यातला मोठा आणि छोटा गिअर) तर कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडी बनवतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. ती जोडी फोडणं म्हणजे उजव्या पायात एकाचा बूट आणि डाव्यात दुसऱ्याचा.

तपासायचं असेल तर चार-पाच दातांना निळा रंग अगदी पातळ लावा, हाताने फिरवा आणि ठसा बघा. दाताच्या मधोमध पसरट डाग आला तर बरं. टोकाला किंवा एका कडेला रेघ आली तर ते एकमेकांचे नव्हेत, किंवा बेअरिंग गेलंय. आधी बेअरिंग बघा, गिअरवर आळ घ्यायची घाई नको.

अर्धवट_मेकॅनिक

सगळ्यांचे आभार. काल रात्री मोजायला बसलो. पहिल्यांदा दार धाडकन आपटलं आणि आकडा विसरलो. दाराला अडसर लावून पुन्हा मोजले. क्लस्टरचे दात जुळत नाहीत. जोडलेल्यातला आणि पेटीतला, दोघांचा आकडा वेगळा. नशीब की सरळ घातला नाही.

पण मग आता पेटीतलं सामान कशाचं?

तेलकट हात

एक विचारू? टवका दाताच्या कुठल्या भागाला उडालाय? पहिला गिअर सिंक्रोमेशशिवायचा (वेग जुळवून देणाऱ्या रचनेशिवायचा) असतो, सरकवून घालायचा, त्यामुळे दाताच्या समोरच्या कडा झडतात. कडेपुरता असेल तर धार दगडाने मारून तसाच चालवणारे लोक आहेत. दाताच्या पोटात खड्डे पडले असतील तर मात्र नको.

आणि गिअरबॉक्समध्ये ऑइल कुठलं घालताय? डिफरन्शिअलचं उरलेलं ओतू नका.

अर्धवट_मेकॅनिक

दाताच्या जवळजवळ एक तृतीयांश रुंदीपर्यंत गेलाय. दगडाचं काम नाही. ऑइल डिफरन्शिअलचंच घालणार होतो 😬

तेलकट हात

मायनरच्या गिअरबॉक्सला इंजिन ऑइल. घट्ट हायपॉइड ऑइल मागच्या अ‍ॅक्सलला. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली रसायनं पितळी बुशांना आणि रिंगांना खातात, म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये ते घालताना डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा.

खटारा

झालं, ऑइलवर गेला. आता धागा शंभरी गाठणार.

नट_नंबर_तेरा

अवांतर, पण 'दिसतं तसं नसतं' वरून आठवलं. एमजी टीसी या जुन्या इंग्रजी गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उघडलाय का कुणी? बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा (जुन्या इंग्रजी इंची मापाचा) पाना बसतो म्हणून आटेही व्हिटवर्थ समजाल, तर आटे मेट्रिक! मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिसचा कॉव्हेंट्रीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापाची, ती सवय पुढे बरीच वर्षं टिकली. त्यातही ८ मिमीच्या बोल्टला पिच १ मिमी. आजचा साधा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा. दोन आटे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की भोकाचं वाटोळं.

निवृत्त टर्नर

थ्रेड गेजशिवाय जुना बोल्ट पिळणाऱ्याला मी दुकानात उभा करत नसे.

वाचनमात्र

नमस्कार, बरीच वर्षं नुसतं वाचतोय, पहिलाच प्रतिसाद. अर्धवट, तुमच्या पहिल्या पोस्टच्या ता.क. कडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

दांडा कापलेला नाहीये!

सिरीज टूच्या ८०३ मायनरला गिअरबॉक्सच्या डोक्यातून थेट वर येणारा लांब, वाकवलेला दांडा असायचा. १९५६ मध्ये मायनर १००० आली, ९४८ सीसी. तिच्या गिअरबॉक्सला मागे एक पेटीसारखी लांबण आली आणि तिच्यावर आखूड दांडा. तुमच्या गिअरबॉक्सला तशी लांबण असेल तर तो ९४८ चा. कवचाला बाहेरून फासळ्या आहेत का तेही बघा. फासळ्यांचं कवच म्हणजे आणखी पुढचा, १०९८ चा. त्याचा क्लचही मोठा, सव्वासात इंची. आधीच्यांचा सव्वासहा.

पण इतकं सगळं बोलून झाल्यावर कवचावर विसंबू नका. गिअरबॉक्स टेबलावर घ्या, तिसरा गिअर टाका, इनपुट आणि आउटपुट दोन्हींवर खडूने रेघ मारा. आउटपुटचे दहा फेरे पूर्ण होईपर्यंत इनपुट किती फिरतो ते मोजा. ९४८ चा तिसरा १.४१२, म्हणजे चौदा फेरे आणि वर थोडंसं. ८०३ चा जवळपास १.६८, म्हणजे सतराला जरा कमी. एवढा फरक चुकीच्या मोजणीतही लपत नाही.

मागचा अ‍ॅक्सलही तसाच तपासा. एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा, म्हणजे क्राउन एक फेरा फिरतो. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या लांब शाफ्टचे) फेरे मोजा. साडेचारच्या जरासा पुढे थांबला तर ४१ भागिले ९, म्हणजे ९४८ चा. पाचाच्या वर गेला तर ८०३ चा. सव्वाचारला जरा कमी असेल तर ३८ भागिले ९, १०९८ चा.

सुमेधा_गॅ

वाचनमात्र, इतकी वर्षं कुठे होतात?

खटारा

'कापलेला दांडा' शोधून देणार होतो मी एक. आता तोंड लपवतो.

अर्धवट_मेकॅनिक

बसून वाचा.

लांबण आहे. फासळ्या नाहीत. तिसऱ्यात आउटपुटचे दहा फेरे, इनपुटचे चौदा आणि रेघ अजून बोटभर पुढे. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. मागचं चाक दोन फेरे, प्रोपेलर शाफ्ट साडेचार आणि किंचित पुढे. गिअरबॉक्स ९४८, अ‍ॅक्सल ९४८.

मग पाल चुकचुकली. इंजिनाची नंबराची पट्टी गायब आहे, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. हेड उतरवलेलंच होतं. बोअर (सिलिंडरचा व्यास) मोजला. ८०३ चा ५८ मिमी असतो. माझा ६३ च्या आसपास.

म्हणजे कुणीतरी कधीतरी ९४८ चं अख्खं बिऱ्हाड या गाडीत बसवलंय. जमिनीच्या पत्र्यात, दांडा येतो तिथे, एक जोड होता. मी तो गंज काढलेला समजून गुळगुळीत करून रंगवलासुद्धा.

आणि पेटी. पेटीत इनपुट शाफ्टही आहे, त्यामुळे तिसऱ्याच्या दोन्ही जोड्यांचे दात मोजून गुणोत्तर काढता आलं. १.६८ ला येऊन थांबलं.

मंजिरी_टी

अरे! म्हणजे पेटीतलंच गाडीचं स्वतःचं.

जीपवेडा

आणि तुम्ही गाडीचा मूळ क्लस्टर उचलून परक्या गिअरबॉक्समध्ये घालायला निघाला होतात 😂

नट_नंबर_तेरा

आता खरा प्रश्न. ८०३ करणार की ९४८ ठेवणार? गाडी १९५४ ची असेल तर ८०३ च हवी. नाहीतर जीर्णोद्धार कसला?

तेलकट हात

चालवायची गाडी असेल तर ९४८ ठेवा. ८०३ च्या तिसऱ्या आणि चौथ्यात इतकं अंतर आहे की चढावर कुठल्याच गिअरमध्ये समाधान नाही. शिवाय पेटीतल्याला कवच नाही, ८०३ चं इंजिन नाही. कशात बसवणार?

सुमेधा_गॅ

दोघांनाही, तो त्यांचा निर्णय. पण अर्धवट, एकच करा. ९४८ चा क्लस्टर शोधाल तेव्हा त्याच्यासोबत धावलेले गिअरही घ्या, एकटा घेऊ नका. आणि स्पीडोमीटर कुठला आहे ते बघा. तो ८०३ च्या अ‍ॅक्सलच्या हिशोबाचा राहिला असेल तर काटा खोटं सांगत असणार. स्मिथ्सचा असेल तर तबकडीवर बारीक आकडा असतो, मैलाला केबल किती फेरे घेते त्याचा.

अर्धवट_मेकॅनिक

तूर्तास ९४८ च. आधी गाडी रस्त्यावर येऊ दे. पेटीतलं सगळं धुऊन, तेल लावून, जोडी-जोडीने सुतळी बांधून ठेवलंय. प्रत्येक जोडीला पत्र्याचा बिल्ला, त्यावर दातांचा आकडा ठोकलाय. कवच मिळालं तर मिळालं.

वाचनमात्र

छान केलंत. पेटीत तो लांब दांडा आहे का? वाकवलेला, दीडेक हाताचा, एका टोकाला गोळा. कवच मिळालं तरी त्याच्याशिवाय अडेल.

अर्धवट_मेकॅनिक

पेटीत नाही.

थांबा.

गॅरेजच्या दाराला तोच लावलाय. दीड वर्ष.